शमी लावायची, पण जुलैचं काय?

पेडण्याला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, घर बांधलंय. विहीर एप्रिलमध्येच तळ गाठते. पाणी न लागणारं झाड म्हणून शमी लावू का?

लावा, पण तिला जपायचंय ते जुलैत. मे महिन्याची काळजी नको. शमी थरच्या वाळवंटातली. तिथे वर्षाला १०० ते ४०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे गोव्यात ३,०००च्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. सोटमूळ खोल जाऊन ओल शोधतं म्हणून उन्हाळा ती सहज काढते; बुंध्याशी पाणी तुंबलं की मात्र मुळं कुजतात. सड्यावर तर हातभर खणलं की पहार जांभ्यावर आपटते. आधी खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर ती जागा सोडा. उतार बघा, चिऱ्यांचे तुकडे आणि माती घालून दीड-दोन फूट उंचवटा करा आणि त्यावर रोप लावा. तेही जूनमध्ये नको, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात; मुळांना धरायला पुढच्या मिरगापर्यंत वेळ मिळतो. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा, पण भरपूर पाणी द्या. ‘पाणी न लागणारं झाड’ हे नर्सरीवाल्यांचं बोलणं, रोपाला पाणी लागतंच.

डिचोलीच्या बाजारातून शमी म्हणून आणलेल्या झाडाला गुलाबी-पिवळी दुरंगी फुलं आली. ही शमीच ना?

नव्हे. ही सिगमकाठी, शमी म्हणून सर्रास विकतात. खऱ्या शमीचा तुरा बारीक आणि नुसता पिवळा, काटे आखूड, सरळ, फांदीभर विखुरलेले. सिगमकाठीही काटक आहे, पण मुळांतून फुटवे काढून पसरते, ते वेळीच छाटा. पूजेला चालेल का, ते भटजींना विचारा! पानाच्या बुडाशी काटे जोडीने असतील तर ती वेडी बाभूळ असू शकते, ती कुंपणालाही लावू नका.

फोंड्यात फ्लॅट आहे. कुंडीत होईल?

होईल, पण खुरटी. कुंडी खोल घ्या, तळाला भोकं मोठी ठेवा, पावसाळ्यात गॅलरीत आत ओढा.

घरात नातवंडं आहेत, काटे नकोत. मडगावला दुसरं काय लावू?

बहावा किंवा आपटा. खरं सांगायचं तर गोव्यातल्या परसात माझी पहिली पसंती यांनाच, कारण दोन्ही आपल्या पावसात मुरलेली आहेत. आपटा आटोपशीर राहतो, दसऱ्याचं सोनंही घरचं. बहावा ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून फुलतो. त्याच्या काळ्या लांब शेंगांतलं बी टणक असतं. एका बाजूने सँडपेपरवर घासून रात्रभर भिजत घाला. सकाळी जे फुगलं नसेल ते पुन्हा घासा.