साल्हेरच्या ट्रेकला थंडीसाठी सॅकमध्ये काय टाकायचं?

साल्हेर किल्ला १५६७ मीटर, नाशिक शहरापेक्षा साधारण हजार मीटर उंच. म्हणजे वर पाच-सहा अंश गार, आणि वारा वेगळाच. तुझी सुती हूडी घरी ठेव. घामाने भिजली की ऊब राहत नाही. पातळ फ्लीस, विंडचीटर आणि कानटोपी घे, हसणारे हसू देत.

वर अडकून पडलं तर अंगाभोवती गुंडाळायचं चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट हलकं असतं, पण वाऱ्यात फडफडतं, फाटतं. मला कचऱ्याची मोठी जाड पिशवी जास्त भरवशाची वाटते. चेहरा बाहेर राहील एवढं भोक पाडायचं आणि आत शिरायचं. कुणाचा पाय मुरगळून बसावं लागलं, तर आधी ओले कपडे बदल आणि खाली फोमची चटई किंवा रिकामी सॅक घाल. कातळ खालून गारठवतो, हे बरेच जण विसरतात. हेडटॉर्च, गूळ-शेंगदाणे असू देतच.