‘खूप छान’ लिहून पाठवू नकोस

अरे, लेखिकेला पाठवायच्या पत्राचा तुझा ड्राफ्ट वाचला. ‘मॅडम, तुमची कादंबरी खूप छान, मनाला भिडली’ आणि खाली हात जोडलेले इमोजी. एवढंच? मग मला फोनवर इतका वेळ काय सांगत होतास? तो बाप औषधाच्या दुकानात सुट्टे पैसे मोजतो, कमी पडतात, मग मुलीचं औषध ठेवून स्वतःच्या गोळ्या परत करतो आणि लेखिका त्यावर एक शब्द बोलत नाही, सरळ पुढचा प्रसंग. तिथे तू वाचता वाचता थांबलास म्हणालास. ते लिही ना! ‘खूप छान’ काय, न वाचताही लिहिता येतं.

एवढ्या मोठ्या लेखिकेला मी काय सांगणार म्हणे. तिला शिकवायला कोण सांगतंय? त्या प्रसंगावर तिने किती खाडाखोड केली असेल, कुणी म्हणालंही असेल की इथे बापाच्या मनातलं थोडं येऊ द्या, आणि ती हटून बसली असेल. ते पोचलं का, हे खपाच्या आकड्यातून तिला कसं कळणार? म्हणून नेमकं लिही. कुठला प्रसंग आणि तुझं काय झालं, चार ओळी पुरे. उत्तर आलं नाही तर तोंड पाडून बसू नकोस, आणि पत्राच्या शेपटाला स्वतःच्या कविता जोडू नकोस, प्लीज.

पीडीएफ वाचली म्हणून अपराधी वाटतंय ना, मग पुस्तक विकत घे, विषय संपला. छापील प्रतीवर लेखकाला रॉयल्टी मिळते ती बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून कमी, आणि ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर शून्य. सेकंड हँडवरही शून्यच, पण ती निदान चोरी नाही. पैसे नसतील तर लायब्ररीत ते पुस्तक मागवायला सांग. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी पैसे मिळतात, ब्रिटनमध्ये तसा कायदा १९७९ला झाला, सगळीकडे ही सोय नाही. पण मागणी केलीस तर निदान एक प्रत तरी विकत घेतली जाईल. रिव्ह्यू टाकलास तर तिथेही नुसते पाच स्टार देऊन पळू नकोस. त्या परत केलेल्या गोळ्यांबद्दल दोन वाक्यं लिही, ती वाचून कुणीतरी पुस्तक उचलेल. नेमकं, नेमकं, नेमकं. किती वेळा सांगू?

एक लेखक होते, एकच कथासंग्रह आणि मग लिहिणंच बंद. खूप वर्षांनी एका लग्नात भेटले, मी त्यांच्याच कथेतलं एक वाक्य म्हणून दाखवलं तर मला म्हणाले, ‘ते कुणी वाचलं होतं?’ मी वाचलं होतं, कितीदा तरी, फक्त त्यांना कळवलं नव्हतं. तेव्हापासून हा हट्ट आहे, हसा काय हसायचंय ते. आवडलेलं पुस्तक मी उसनं देत नाही म्हणून सगळे मला कंजूस म्हणतात, तूही म्हणालायस. पण नवीन प्रत घेऊन देते ते कुणी मोजत नाही! आत लिहूनही देते की कुठल्या पानासाठी देतेय.

तर आजच लिही. पत्ता सापडत नसेल तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचा असतो, त्यांच्यामार्फत पाठव. आणि आधी मला दाखवू नकोस, मी सुधारत बसेन.