कोल्हापूरची आहे, समाजशास्त्रात बी.ए. करतेय. गुन्हेगारीशास्त्र शिकून पोलिसांशिवाय कुठं काम मिळेल?

पोलीस भरतीपलीकडं बरंच आहे. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) अधिकाऱ्याचं काम. १९५८च्या परिवीक्षा कायद्यानुसार आरोपीचं घर, रोजगार, शेजार पाहून हा अधिकारी न्यायालयाला अहवाल देतो आणि त्यावरून एखाद्या पोराची तुरुंगवारी टळू शकते. इथं कलमांइतकंच माणसांशी बोलणं यायला हवं, म्हणून समाजशास्त्राचा पाया तुला उपयोगी पडेल. पुढं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी बघ. त्यांचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून कैद्यांसोबत काम करतोय. फॉरेन्सिक लॅबला मात्र विज्ञान शाखाच लागते.

तोवर कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात खुल्या सुनावण्या ऐकायला जा. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडं पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना ही मदत मिळवून देणारा स्वयंसेवक, होण्यासाठीही नक्की विचारून बघ.