आयबुप्रोफेनचा लॉगपी 3.97 की 1.2? आधी पीएच बघा, मग पाण्याचा थर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शेक-फ्लास्क पद्धतीने, म्हणजे ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र हलवून, आयबुप्रोफेनचा लॉगपी काढला (उदासीन रेणू पाण्याच्या कितीपट ऑक्टॅनॉलमध्ये जातो, त्या पटीचा लॉग), 7.4 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये. उत्तर आलं 1.2. पुस्तकात 3.97 दिलाय, म्हणून गाइड म्हणतात की प्रयोग चुकला, पुन्हा करा; आणि तुम्ही विचारताय की त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा आकडा घेतला तर चालेल का.

प्रयोग बहुधा चुकलेला नाही. आयबुप्रोफेन हे आम्ल आहे, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो) साधारण 4.5. पीएच 7.4 म्हणजे त्याच्या 2.9 वर, त्यामुळे दर एका उदासीन रेणूमागे जवळजवळ 800 रेणू आयन होऊन बसलेत. आयन ऑक्टॅनॉलमध्ये फारसा जातच नाही. 3.97 मधून 2.9 वजा करा, 1.07 येतात. तुमचे 1.2 त्याच्या अगदी जवळ आहेत. तुम्ही मोजलात तो लॉगडी, म्हणजे आयन आणि उदासीन रेणू दोन्ही धरून त्या पीएचला येणारा आकडा, 7.4 पीएचचा. तो फेकू नका, प्रबंधात पीएचसकट लिहा. फक्त लिपिन्स्कीच्या 1997 च्या नियमातल्या (रेणू तोंडाने घ्यायचं औषध होऊ शकेल का याचा अंदाज देणाऱ्या) 5 च्या मर्यादेशी त्याची तुलना करू नका, ती मर्यादा लॉगपीसाठी आहे. ही गल्लत छापील पेपरांतही दिसते आणि ती खरोखर खटकते.

आता खरा लॉगपी हवा असेल तर पाण्याच्या जागी 0.01 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. पीएच 2 ला आयनांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. पण इथून पुढे प्रयोग अवघड होतो. लॉगपी 4 म्हणजे ऑक्टॅनॉलमध्ये 10,000 तर पाण्यात 1. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 107 क्रमांकाच्या चाचणी-मार्गदर्शिकेत शेक-फ्लास्कची नेहमीची हद्द -2 ते 4 अशी आहे, म्हणजे तुम्ही बरोबर काठावर उभे आहात.

हिशेब करून बघा. ऑक्टॅनॉलमध्ये 0.01 मोलर, म्हणजे मिलिलिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असेल, तर पाण्यात मिलिलिटरला 0.2 मायक्रोग्रॅम उरतं. समजा 10 मिली पाण्यात ऑक्टॅनॉलचे बारीक थेंब राहिले, सगळे मिळून फक्त 1 मायक्रोलिटर. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसेल. पण त्या 1 मायक्रोलिटरमध्ये 2 मायक्रोग्रॅम औषध आहे, आणि त्या 10 मिली पाण्यात खरोखर विरघळलेलंही तेवढंच, 2 मायक्रोग्रॅम. पाण्याचा आकडा दुप्पट झाला आणि लॉगपी 4 चा 3.7 झाला. डीडीटी या कीटकनाशकासारख्या 6.9 लॉगपीच्या पदार्थाला हाच एक मायक्रोलिटर पाण्याचा आकडा जवळजवळ 800 पट फुगवतो. डीडीटीच्या प्रकाशित आकड्यांमध्ये किती प्रचंड तफावत आहे हे यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेच्या 2001 च्या अहवालात वाचा. थेंबांचं हे गणित कळलं की त्याचं फार नवल वाटत नाही. अशा पदार्थांसाठी जोरात हलवणं सोडून संथ ढवळायची वेगळी पद्धत आहे, ओईसीडी 123, ती 8.2 पर्यंत चालते.

म्हणून सगळी काळजी पाण्याच्या थराची. आम्ल आणि ऑक्टॅनॉल आधी एकमेकांनी संपृक्त करून ठेवा. नळी धाडधाड हलवू नका, उलटीसुलटी करा, आतला हवेचा बुडबुडा दोन्ही थरांतून वर गेला पाहिजे. पाच मिनिटांत शंभर वेळा पुरतं. मग सेंट्रिफ्यूज. पाणी खाली असतं, त्यामुळे सुई ऑक्टॅनॉलमधूनच न्यावी लागते. काचेच्या सिरिंजमध्ये आधी थोडी हवा घ्या आणि सुई वरच्या थरातून जाताना ती हळूहळू बाहेर सोडत राहा, म्हणजे ऑक्टॅनॉल सुईत शिरत नाही. पाणी ओढलं की सिरिंज चटकन बाहेर काढा आणि सुई काढून टाका, तिच्या बाहेरून ऑक्टॅनॉल लागलेलं असतं. तिच्यातून नमुना सोडू नका.

आणखी एक. फक्त ऑक्टॅनॉलचा थर मोजून पाण्यातलं वजाबाकीने काढू नका. समान आकारमानं असतील तर ऑक्टॅनॉलमधून जेमतेम 0.01 टक्का औषध कमी होतं, कुठल्याही एचपीएलसीला (द्रावणातलं औषध मोजणाऱ्या यंत्राला) तो फरक दिसणार नाही. दोन्ही थर मोजा आणि बेरीज घातलेल्या औषधाशी जुळते का ते बघा. थरांची तीन वेगवेगळी प्रमाणं घ्या, प्रत्येकी दोन नळ्या. सहाही लॉगपी ±0.3 च्या आत यायला हवेत.

सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण प्रयोगाची आखणी करण्यासाठी. बहुतेक प्रोग्राम रेणूचे तुकडे करून बेरीज करतात, कल्पना हॅन्श आणि फुजिता यांची, 1964 ची. बेंझीन 2.13, क्लोरीन लावला की +0.71, म्हणून क्लोरोबेंझीन 2.84. हायड्रॉक्सिल लावला की -0.67, म्हणून फिनॉल 1.46. छान जुळतं. आता बेंझॉइक आम्ल घ्या, 1.87. पॅरा (समोरच्या) जागी हायड्रॉक्सिल लावला तर 1.58 होतो, अपेक्षेपेक्षा कमी घट, पण दिशा बरोबर. तोच गट ऑर्थो (लगतच्या) जागी लावला की सॅलिसिलिक आम्ल, आणि लॉगपी चक्क वाढून 2.26! शेजारच्या कार्बॉक्सिलशी त्याचा आतल्या आत हायड्रोजन बंध होतो, पाण्याला धरायला काही उरत नाही. नुसती बेरीज इथे उलट्या दिशेने चुकते. चांगले प्रोग्राम त्यासाठी वेगळी दुरुस्ती घालतात, पण तुमच्या रेणूसाठी ती आहे की नाही हे तुम्हालाच तपासावं लागतं.

आयबुप्रोफेनमध्ये अशी अडचण नाही, त्यामुळे प्रोग्रामचा आकडा चारच्या आसपास यावा. येत नसेल तर आधी बघा, रचना सोडियम क्षाराची तर टाकली नाहीत ना. आणि पीएच 2 चे सहा आकडे हातात आले की तुमच्या 1.2 सह इथे टाका, वजाबाकीवरून पीकेए किती निघतो ते आपण बघू.