गोळी रोज, तरी चाचणी निगेटिव्ह?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकतो. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) रोज मिथिलफेनिडेट घेतो, तरी लघवीच्या चाचणीत काहीच आलं नाही. गोळ्या विकतो की काय, असा डॉक्टरांना संशय आहे. काय करावं?

उत्तर : एवढ्यावरून मुलाला दोषी धरू नका. लघवी तपासायची नेहमीची पट्टी अ‍ॅम्फेटामाइन हे वेगळं उत्तेजक औषध शोधते. मिथिलफेनिडेट तिला सहसा दिसतच नाही. शरीरात त्याचं रिटालिनिक अ‍ॅसिड होतं आणि लघवीत मुख्यतः तेच उतरतं. ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी), नाव घेऊन तपासायला सांगा. शेवटची गोळी किती वाजता घेतली, तेही कळवा. नमुना देण्याआधी ढसाढसा पाणी नको. लघवीतलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरखाली गेलं, की नमुना पातळ समजला जातो. आणि हो, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन या पट्टीवर कधी खोटं पॉझिटिव्हही दाखवतं. घेतली असेल तर आधीच सांगावं.