गल्लीतलं पाणी आणि एनओसीची सही

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. गल्लीत सिमेंट रोड झाला, तो त्यांच्या कंपाउंडपेक्षा दीड फूट वर गेला, आणि या जुलैत पाणी सरळ हॉलमध्ये शिरलं, फ्रिज अन् दिवाण दोन्ही गेले. आता मनपा पावसाळी लाइन टाकायला तयार आहे, पण ती यांच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून मागच्या नाल्यात सोडणार म्हणते आणि इंजिनिअरने पाचशेच्या स्टॅम्पवर एनओसी, म्हणजे आमची हरकत नाही असं लिहून, मागितली आहे. शेजारी म्हणतात तुमच्यामुळे काम अडलं. सही करू का?

ताई, त्या कागदावर सही करू नका, आणि लाइनला नाही पण म्हणू नका. लाइन टाकू देणं वेगळं आणि आपला हक्क सोडणं वेगळं, शेजाऱ्यांनी दोन्हीची खिचडी केली आहे.

आधी काम अडल्याचं पाहू. पहिले नागपूरचा स्वतःचा १९४८ चा कायदा होता, २०१२ पासून आपल्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि त्यात आयुक्तांना, मालकाला लेखी नोटीस देऊन, खासगी जमिनीतूनही नाली नेता येते. म्हणजे तुमच्या सहीशिवाय काम होऊ शकतं, शेजाऱ्यांना हे स्पष्ट सांगा. पण त्याच कायद्यात विनाकारण नुकसान करायचं नाही आणि जे होईल त्याची भरपाई द्यायची असंही आहे. आता तुम्ही पाठवलेल्या एनओसीच्या फोटोतली शेवटची ओळ वाचा, "भविष्यात कोणताही दावा करणार नाही". खरी गोची तिथे आहे. सही केली की उद्या खोदताना भिंतीला तडा गेला तरी तुमचाच कागद तुमच्यासमोर ठेवतील, आणि फ्रिज-दिवाणाच्या भरपाईवरही हाच कागद दाखवला जाईल.

त्यापेक्षा साध्या कागदावर स्वतःचं पत्र द्या की काम करा, मात्र नकाशा द्या, पाइप किती इंची, किती खोल, पायव्यापासून किती दूर, चेंबर कुठे येणार, फरशी परत बसवून कोण देणार, आणि जागेची मालकी माझीच राहील. झोन ऑफिसच्या आवक खिडकीवर पत्र देऊन शिक्का घ्या, नुसतं व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही. एक लक्षात ठेवा, मनपाच्या नालीवर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, तेव्हा त्या बाजूला पुढे गाडीचं शेड घालायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगून लाइन थोडी सरकवून मागा.

लाइन रोडच्या कडेने का जात नाही हेही विचारा. दहा रुपयांचा आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका, रोडचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, रोड बनायच्या आधीची आणि नंतरची लेव्हल मागा, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रोड उंच करताना पाणी कुठे जाईल याचा विचारच झाला नव्हता असं कागदावर निघालं तर तुमची बाजू फार मजबूत होते.

आणि आता सगळ्यात घाईची गोष्ट. याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे मनपावर भरपाईचा दावा करायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत टाकावा लागतो. जुलैचं नुकसान म्हणजे जानेवारीपर्यंतच वेळ आहे आणि नोटिशीचा महिना त्याच्या आधी संपला पाहिजे. ॲपवरची तक्रार, नगरसेवकाला दिलेलं निवेदन, हे काहीच ती नोटीस होत नाही, आणि लोक इथेच हातची केस घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या दिवसाचे फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, मेकॅनिकचं बिल, पंचनामा झाला असेल तर त्याची कॉपी, सगळं एका फाइलीत ठेवा. २०२३ च्या सप्टेंबरला अंबाझरी तलावाचं पाणी घरांत घुसलं तेव्हाही मदतीसाठी पंचनाम्याचाच कागद लागत होता.

"फंड नाही" म्हणाले तर घाबरू नका, सुप्रीम कोर्टाने रतलाम नगरपालिकेच्या केसमध्ये १९८० लाच सांगितलंय की पैसे नाहीत म्हणून नाल्यांचं कर्तव्य टाळता येत नाही.

तुमच्या गेटसमोरचा रॅम्प नालीवर असेल तर तो मात्र आधी काढा, नाहीतर पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवतील. पत्र या आठवड्यात द्या, नोटीस वकिलाकडून पंधरा दिवसांत जाऊ द्या.