पॉलिश झालं, आता वॅक्सच्या आधी नेमकं काय करायचं?

प्रश्न वाचला. मशीनने पॉलिश करून झालंय, काळी गाडी एकदम चकाचक दिसतेय, हातात कार्नोबा (ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांवरचं मेण) पेस्ट वॅक्सचा डबा आहे आणि एकजण म्हणतो भांड्याच्या साबणाने धू, दुसरा म्हणतो परत क्ले (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) फिरव, तिसरा म्हणतो अल्कोहोलने पुसून घे. तिसऱ्याचं ऐका. पण का ते समजून घेऊन ऐका, कारण किती आणि कसं पुसायचं ते त्या 'का'वरच ठरतं.

पॉलिशमधे घासणारे बारीक कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि ते पॅडखाली नीट सरकावेत, पॅड कोरडं ओढलं जाऊ नये म्हणून सोबत तेलं, पाणी, सॉल्व्हंट असं सगळं घातलेलं असतं. काम झाल्यावर तुम्ही फडक्याने कितीही पुसलंत तरी तेलाचा एक पातळ थर मागे राहतोच आणि तो जाऊन बसतो नेमका उरलेल्या बारीक ओरखड्यांमधे. ओरखडा आपल्याला दिसतो तो त्याच्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून. खाच तेलाने भरली की विखुरणं कमी होतं आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. गेलेला नसतो, झाकलेला असतो. मग काही धुण्यांनंतर तेल निघून जातं, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे स्वर्ल, म्हणजे गोलगोल बारीक ओरखडे, परत दिसायला लागतात आणि माणूस वॅक्स बदलत बसतो, जेव्हा वॅक्सचा त्यात काहीच संबंध नसतो.

म्हणून मी तर म्हणेन या मधल्या पायरीचं पहिलं काम तपासणीचं आहे, वॅक्स टिकण्याचं नंतर. तसं बघितलं तर कार्नोबा पेंटशी रासायनिक बंध वगैरे करत नाही, नुसतं वर बसतं, त्याच्या स्वतःच्याच डब्यात तेलं आणि सॉल्व्हंट असतात, त्यामुळे थोडं तेल राहिलं तरी ते लागतं आणि चमकतंही, फक्त स्वच्छ पेंटवर जास्त टिकतं. सिंथेटिक सीलंटला, म्हणजे वॅक्सऐवजी लावायच्या कृत्रिम थराला, स्वच्छ पेंट पाहिजेच, आणि सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे पेंटला धरून कडक होणाऱ्या थराला, तर तेल अजिबात चालत नाही, ते पकडच घेणार नाही. पण वॅक्स कुठलंही असो, खाली काय आहे ते न बघता वरून झाकणं मला पटत नाही.

आता क्रम. आधी धूळ. पॉलिशची पांढरी पावडर दरवाज्याच्या फटींत, लोगोच्या अक्षरांत, हँडलमागे, रबरावर जाऊन बसते, ती मऊ ब्रशने काढा, आणि खूप उडाली असेल तर सरळ गाडी धुवा, पण साध्या शांपूने. ज्यावर वॅक्स किंवा ग्लॉस लिहिलंय तो शांपू नको, तो स्वतःचाच थर सोडून जातो. भांड्याच्या साबणाने पॉलिशचं तेल पूर्ण जाईलच असं नाही, रबर-प्लास्टिकवर चमकीसाठी लावलेलं ड्रेसिंग मात्र नक्की उतरतं, म्हणून तो नको. आणि क्ले तर आत्ता अजिबातच नको! क्लेची जागा पॉलिशच्या आधी. क्ले स्वतःच बारीक खुणा सोडतो, त्या काढायला परत पॉलिश, म्हणजे केलेलं काम पाण्यात.

गाडी पूर्ण सुकली, पॅनल हाताला गार लागतंय, सावलीत उभी आहे, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सरळ बाटलीतून ओतू नका. कडक अल्कोहोलने क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तात्पुरता मऊ पडू शकतो, शिवाय ते इतकं पटकन उडतं की तेल सैल व्हायच्या आधीच फडकं कोरडं घासायला लागतं आणि काळ्या गाडीवर लगेच नव्या रेघा. मी साधारण १५ टक्क्यांपासून सुरू करायला सांगतो, म्हणजे ९९ टक्केवालं असेल तर १५० मिली आयपीए आणि ८५० मिली डिस्टिल्ड वॉटर. तेल हट्टी असेल तर २५ पर्यंत जा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते काढायला अजून एक पुसणं. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांचा तर विचारही नको. आयपीए पेट घेतं हे लक्षात ठेवा, हवा खेळती पाहिजे, हातमोजे पाहिजेत, जवळपास सिगारेट नको.

तुमची काळी आहे आणि पेंट मऊ असेल तर मी आयपीएपेक्षा तयार पॅनल वाइप, म्हणजे तेल पुसून काढायचा विकतचा स्प्रे, घ्या म्हणेन, कारप्रो इरेझर, ग्यॉन प्रेप वगैरे. त्यात निसरडेपणा जास्त असतो, फडकं अडकत नाही.

पुसताना बॉनेट एकदम भिजवू नका, साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, स्प्रे करा, पाच-दहा सेकंद थांबा म्हणजे तेल सैल होतं, मग आखूड लवेच्या मायक्रोफायबरने जोर न लावता पुसा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच आवरा. फडक्याची बाजू सारखी बदलत राहा, नाहीतर तेच तेल या पॅनलवरून त्या पॅनलवर जातं. फडकी नवीन असतील तर आधी धुवून घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता.

आणि मग खरं काम, बघणं. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या छान दिसतात. एक प्रखर एलईडी टॉर्च घ्या, बाकीचे दिवे बंद करा, तिरका उजेड पाडा, किंवा गाडी थेट उन्हात न्या. स्वर्ल किंवा मशीनच्या लाटा, म्हणजे होलोग्राम, दिसले तर परत मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, परत पुसणं, परत बघणं. मात्र हट्टाने शेवटचा ओरखडाही काढायला जाऊ नका, क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो, खोल गेलेला एखादा राहू द्या. पाण्याचे थेंब गोल होतात म्हणजे पेंट तयार, असं काही लोक सांगतात ते सोडून द्या, थेंब तेलावरही गोल होतात.

दोन अपवाद. एखादं पॅनल नुकतंच रंगवून आणलं असेल तर तिथे वॅक्स थांबवा, रंगवणाऱ्याला विचारा, साधारण ३० ते ९० दिवस सांगतात, सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो. आणि जुनी गाडी असेल, क्लिअर कोट नसलेला सिंगल स्टेज रंग असेल आणि पुसताना फडक्याला रंग लागत असेल, तर आयपीए ठेवून द्या, तिथे सौम्य पेंट क्लीनर बरा. अशा जुन्या, कोरड्या पडलेल्या रंगाला तेल थोडं राहिलेलं उलट मानवतं. ग्लेझबद्दल बरेच विचारतात म्हणून सांगतो, ग्लेझ मुद्दाम खाचा भरायलाच असतो, कार्नोबाखाली लावायचा तर तपासणी झाल्यावर लावा, सिरॅमिकखाली मुळीच नको.

पुसून झालं की उघडा पेंट दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, गाडी बाहेर फिरवून आणू नका, बोटं लावू नका. दाणेदार काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा, वॅक्स सुकून पांढरं झालं की तिथून सहज निघत नाही. मग वॅक्स अगदी पातळ, लावलंय की नाही असं वाटेल इतकं, आणि बोट फिरवल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली, ओशट पट्टा राहिला नाही, की पुसायला घ्या.